व्यक्तिस्वातंत्र्य व न्यायनिर्णय

व्यक्तीचे जीवित, शरीर, संचार व खाजगी जीवन ही राज्यसंस्थेच्या मनमानी हस्तक्षेपापासून सुरक्षित असणे, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य होय. हे स्वातंत्र्य संविधानात किंवा अधिनियमात शब्दबद्ध केलेले असले, तरी त्याची प्रत्यक्षातील व्याप्ती न्यायालयांपुढे येणाऱ्या वादांतून आणि त्यांवरील निर्णयांतून ठरत जाते. भारतीय संविधानाचा एकविसावा अनुच्छेद हे याचे ठळक उदाहरण आहे. विधीने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाही व्यक्तीस तिचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य यांपासून वंचित केले जाणार नाही, एवढाच त्याचा आशय आहे. १९५० पासून या अनुच्छेदाच्या शब्दरचनेत कोणताही बदल झालेला नाही. तथापि त्याचा अर्थ इतका पालटला आहे, की १९५० साली ज्या प्रश्नांशी त्याचा संबंध कोणी जोडला नसता, असे उपजीविका, कैद्यांची वागणूक, सन्मानाने मरण पत्करणे, खाजगी माहितीचे संरक्षण इ. विषय त्याच्या कक्षेत आले आहेत. हा बदल सर्वस्वी न्यायनिर्णयांनी घडवून आणला.

न्यायनिर्णयाचे बल : सामान्यतः न्यायालयाचा निर्णय त्या त्या वादातील पक्षकारांपुरता बंधनकारक असतो. परंतु संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला विधी भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक ठरतो. निर्णयपत्रातील प्रत्येक वाक्याला हे बल नसते. निर्णय ज्या तत्त्वावर आधारलेला असेल, तेवढेच तत्त्व पूर्वनिर्णय म्हणून मान्य होते. मूलभूत अधिकारांशी विसंगत असलेला विधी त्या विसंगतीपुरता शून्यवत् असतो, असे तेरावा अनुच्छेद सांगतो. आणि अशा अधिकारांच्या अंमलबजावणीसाठी ३२ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाकडे, तर २२६ व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयांकडे थेट दाद मागता येते. संविधानाच्या अर्थासंबंधीच्या महत्त्वाच्या प्रश्नाचा निर्णय किमान पाच न्यायाधीशांच्या न्यायासनाने करावा लागतो. पूर्वीचा निर्णय चुकीचा वाटल्यास अधिक मोठे न्यायासन तो रद्द ठरवू शकते. ज्या निर्णयामुळे एखाद्याने आपले स्वातंत्र्य गमावलेले असते, तो पुढे चुकीचा ठरला, तरी त्या व्यक्तीची हानी भरून येत नाही. म्हणूनच या क्षेत्रातील न्यायालयीन चुकीची किंमत इतर क्षेत्रांपेक्षा अधिक असते.

ब्रिटिश अमदानी : बेकायदा अटकावून ठेवलेल्या व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाचा प्राधिलेख, हे इंग्रजी विधीतील व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रमुख साधन होय. त्याच्या व्याप्तीविषयीचा एक आरंभीचा संघर्ष मुंबई इलाख्यात झाला. पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलास त्याच्या आप्ताने अटकावून ठेवले आहे, अशी तक्रार झाल्यावरून मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये हा आदेश काढला. पुणे हे मुंबई शहराबाहेर असल्याने तेथे न्यायालयाचा अधिकार चालत नाही, अशी भूमिका गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घेतली आणि आदेशाच्या अंमलबजावणीस साहाय्य नाकारले. न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट याने निषेधार्थ १८२९ मध्ये न्यायालयाचे कामकाजच बंद ठेवले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने शासनाच्या बाजूने निर्णय दिला : शहराच्या हद्दीबाहेरील व न्यायालयाच्या विशेष अधिकारकक्षेत न येणाऱ्या व्यक्तींबाबत असा आदेश काढण्याचा अधिकार या न्यायालयास नाही. इंग्लंडमधील प्रजाजनाला असलेले संरक्षण हिंदी प्रजाजनाला आपोआप मिळत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४९१ व्या कलमाने उच्च न्यायालयांना या प्रकारचे निदेश देण्याचा अधिकार देण्यात आला व १९२३ च्या दुरुस्तीने त्याची कक्षा वाढविण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. मुंबई प्रांतातील केशव तळपदे यांच्या अर्जावर निर्णय देताना संघ न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये या नियमांपैकी २६ वा नियम मूळ अधिनियमाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जाणारा म्हणून अवैध ठरविला. मुख्य न्यायमूर्ती सर मॉरिस ग्वायर यांचा हा निर्णय शासनाला अडचणीचा होता. काही दिवसांतच वटहुकूम काढून मूळ अधिनियम पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करण्यात आला आणि स्थानबद्धता पूर्ववत् वैध झाली. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तळपदे निर्णय अमान्य केला. न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य वटहुकुमाच्या एका फटकाऱ्याने हिरावले जाऊ शकते, हा अनुभव संविधानकारांच्या डोळ्यांसमोर ताजा होता.

संविधानसभेतील विचारविनिमय : संविधानाच्या प्रारंभिक मसुद्यात अमेरिकन संविधानातील ‘यथोचित विधिप्रक्रिया’ या कल्पनेचा समावेश होता. या शब्दप्रयोगामुळे कार्यपद्धतीबरोबरच विधीच्या न्याय्यतेचीही तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयास मिळतो. संविधान-सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भेट घेतली. लोकनियुक्त विधिमंडळाच्या धोरणावर मूठभर न्यायाधीशांना नकाराधिकार देणे लोकशाहीशी विसंगत आहे, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. त्यानंतर मसुदा समितीने १९४६ च्या जपानी संविधानातील एकतिसाव्या अनुच्छेदाच्या धर्तीवर ‘विधीने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द स्वीकारले. डिसेंबर १९४८ मध्ये यावर वादळी चर्चा झाली. क. मा. मुनशी प्रभृतींनी मूळ शब्द परत घ्यावेत असा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले : विधिमंडळ पक्षीय बहुमताच्या जोरावर नागरिकांचे अधिकार चिरडू शकते आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या व्यक्तिगत मतांनुसार विधिमंडळाचे कायदे रद्द करू शकतात. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपविला. नवे शब्द कायम राहिले. मात्र त्यातून उरलेली उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेची कारणे कळविणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे इ. तरतुदी असलेला अनुच्छेद मांडला. तोच आजचा बाविसावा अनुच्छेद होय. त्यातच प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही संविधानिक मान्यता मिळाली.

गोपालन निर्णय व त्याचा प्रभाव : संविधान अंमलात आल्यावर काही आठवड्यांतच प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियम, १९५० संमत झाला. त्याखाली स्थानबद्ध झालेले साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांनी त्याच्या वैधतेस आव्हान दिले. १९ मे १९५० रोजी सहा न्यायाधीशांच्या न्यायासनाने बहुमताने तो अधिनियम वैध ठरविला. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासही सांगण्यास मनाई करणारे चौदावे कलम तेवढे रद्द झाले. ‘विधी’ म्हणजे विधिमंडळाने केलेला विधी, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे नव्हेत. तसेच प्रत्येक मूलभूत अधिकार स्वतंत्र असून एकोणिसाव्या अनुच्छेदातील वाजवीपणाची कसोटी एकविसाव्याला लावता येत नाही, असे बहुमताचे प्रतिपादन होते. न्यायमूर्ती फाझल अली यांनी भिन्नमत नोंदविले. मूलभूत अधिकार परस्परांत गुंतलेले असून सुनावणीची संधी हा कार्यपद्धतीचा गाभा आहे, असे त्यांनी मांडले. हे मत त्या वेळी एकाकी पडले. पण पुढील निर्णयांना तेच मार्गदर्शक ठरले.

गोपालन निर्णयाच्या चौकटीतही न्यायालयांनी काही वाट काढली. खरकसिंग खटल्यात पुराव्याअभावी सुटलेल्या एका इसमावर उत्तर प्रदेश पोलीस पाळत ठेवीत व रात्री-अपरात्री त्याच्या घरी जात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी अवैध ठरविल्या. मात्र खाजगीपणा हा मूलभूत अधिकार नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव व न्यायमूर्ती शहा यांनी भिन्नमत देऊन खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य घटक असल्याचे प्रतिपादिले.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी या खटल्याला मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत एक पुस्तक लिहिले व हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर पाठविण्याचा आदेश दिला व १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींत ग्रंथलेखनास किंवा प्रकाशनास मनाई नसल्याने हे निर्बंध कोणत्याही विधीवर आधारलेले नाहीत, असा निर्वाळा न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दिला. स्थानबद्ध व्यक्ती सर्व स्वातंत्र्ये गमावीत नाही. विधीने जेवढे हिरावले तेवढेच ती गमावते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्या वेळी आणीबाणी चालू होती, ही बाबही लक्षणीय आहे. १९६७ च्या सतवंतसिंग निर्णयाने परदेशप्रवासाचा अधिकार व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत केला व त्यामुळे संसदेला त्याच वर्षी पारपत्र अधिनियम करावा लागला. अधिकारांना परस्परांपासून अलग मानणारा गोपालन निर्णयातील सिद्धांत १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या न्यायासनाने अमान्य केला.

आणीबाणी व जबलपूर निर्णय : २५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी घोषित झाली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार निलंबित करण्यात आला. शहा आयोगाच्या अहवालानुसार या काळात अंतर्गत सुरक्षा अधिनियमाखाली सु. ३५,००० व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. नऊ उच्च न्यायालयांनी, स्थानबद्धतेचा आदेश विधीनुसार आहे किंवा नाही एवढे तपासण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असा निर्णय दिला. या काळात मुंबई उच्च न्यायालयाची भूमिकाही उल्लेखनीय होती. नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करण्यासाठी वकिलांनी योजलेल्या सभेवरील पोलीस आयुक्तांची बंदी नाथवानी खटल्यात, तर मिनू मसानी यांच्या नियतकालिकातील मजकुरावरील अभ्यवेक्षकाची मनाई १९७६ मध्ये बिनोद राव खटल्यात रद्द ठरविण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने उच्च न्यायालयांचे निर्णय फिरविले. मुख्य न्यायमूर्ती राय आणि न्यायमूर्ती बेग, चंद्रचूड व भगवती यांच्या मते, आदेश जारी असेतोवर स्थानबद्ध व्यक्तीस बंदीप्रत्यक्षीकरणासाठी अर्ज करण्याचा अधिकारच उरत नव्हता. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय उपाय आहे, या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या प्रश्नावर, शासनाच्या युक्तिवादानुसार काहीच उपाय नाही, असे उत्तर महान्यायवादी निरेन डे यांना सुनावणीच्या वेळी द्यावे लागले. खन्ना यांनी भिन्नमत दिले. जीविताचा व स्वातंत्र्याचा अधिकार ही संविधानाची देणगी नसून विधीच्या राज्यात तो आधीपासूनच अनुस्यूत आहे. म्हणून एकविसावा अनुच्छेद निलंबित झाला, तरी विधीच्या आधाराविना कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याची सत्ता राज्यसंस्थेस प्राप्त होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले व खन्ना यांनी राजीनामा दिला. या निर्णयाचा परिणाम म्हणून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या संविधानदुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. चुकीच्या निर्णयाचे निवारण येथे प्रथम न्यायालयाने नव्हे, तर संसदेने केले.

मनेका गांधी निर्णय : जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र जनहितार्थ अडकवून ठेवण्यात आले व त्याची कारणे देण्यास नकार देण्यात आला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या न्यायासनाने या प्रकरणी जो सिद्धांत सांगितला, तो भारतीय संविधानिक विधीच्या इतिहासात युगप्रवर्तक मानला जातो. विधीने सांगितलेली कोणतीही कार्यपद्धती पुरेशी नाही. ती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, आणि अनुच्छेद १४, १९ व २१ यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी प्रतिपादिले. शासनाने नंतर सुनावणी देण्याची हमी दिल्याने पारपत्र तात्काळ परत करण्याचा आदेश मात्र झाला नाही. अशा रीतीने याचिकाकर्तीच्या पदरी प्रत्यक्षात थोडेच पडले. पण संविधानसभेने जाणीवपूर्वक वगळलेली यथोचित विधिप्रक्रियेची कल्पना तीस वर्षांनी न्यायनिर्णयाच्या द्वारे भारतीय विधीत आली. हा न्यायालयाने विधिमंडळाच्या क्षेत्रावर केलेला अधिक्षेप होय, अशी टीका काही अभ्यासकांनी केली आहे. तर आणीबाणीच्या अनुभवानंतर हा अर्थ अपरिहार्य होता, असे इतरांचे मत आहे.

बंदी व आरोपी यांचे संरक्षण : मनेका गांधी निर्णयाचा पहिला लाभ तुरुंगातील व्यक्तींना मिळाला. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शिक्षा झालेल्या कैद्यास निर्णयपत्राची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळणे आणि गरज असल्यास राज्याच्या खर्चाने वकील मिळणे, हे न्याय्य कार्यपद्धतीचे अंग ठरविले. हुसेनआरा खातून खटल्यात १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती उघड झाली. आरोपित गुन्ह्यास असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ काहींनी खटला सुरू होण्याच्या प्रतीक्षेत काढला होता. शीघ्र न्यायचौकशी हा एकविसाव्या अनुच्छेदाचा भाग असल्याचे न्यायालयाने घोषित केले. सुनील बत्रा, प्रेमशंकर शुक्ल इ. निर्णयांनी एकांतकोठडी, बेड्या व हातकड्या यांवर निर्बंध घातले. रुदुल शाह हा १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षांहून अधिक काळ बिहारमध्ये तुरुंगात राहिला होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास एकूण ३५,००० रुपये भरपाई देवविली. मूलभूत अधिकाराच्या भंगाबद्दल थेट भरपाई देण्याची प्रथा येथून रूढ झाली.

त्याच वर्षी शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निर्णय झाला. बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या व तेथे स्त्री-शिपायांचा पहारा, स्त्रियांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीत, अटकेची माहिती नातेवाइकास व विधिसाहाय्य समितीस तात्काळ कळविणे असे निदेश देण्यात आले. १९९६ च्या डी. के. बसू निर्णयाने अटकेसंबंधीचे अकरा दंडक घालून दिले. त्यांचा बराचसा भाग फौजदारी प्रक्रिया संहितेच्या नंतरच्या दुरुस्त्यांत व तिची जागा १ जुलै २०२४ पासून घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. न्यायनिर्णयातील दंडक अधिनियमाचे कलम कसे बनतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उपजीविकेचा अधिकार : १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना शहराबाहेर पाठविण्याची घोषणा केली व भर पावसाळ्यात झोपड्या पाडण्यास सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी यांनी न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पाच न्यायाधीशांच्या वतीने निर्णय दिला. पोटासाठी माणसे कामाच्या ठिकाणाजवळ राहतात. निवारा गेला की रोजगार जातो आणि रोजगाराविना जीविताचा अधिकार पोकळ ठरतो, म्हणून उपजीविका हा जीविताच्या अधिकाराचाच भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील अतिक्रमणे हटविण्याविषयीचे ३१४ वे कलम वैध ठरले व पदपथवासीयांना हटविण्याचा अधिकारही मान्य झाला. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्याव्यात, वीस वर्षांपासूनच्या वसाहती सार्वजनिक प्रयोजनाखेरीज हटवू नयेत आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी पदपथ मोकळे करू नयेत, एवढा दिलासा मिळाला. अधिकाराची घोषणा आणि अधिकार मागणाऱ्याचा पराभव एकाच निर्णयात एकत्र आल्याने या निर्णयाची प्रशंसा व टीका दोन्ही झाल्या. तथापि पूर्वसूचना व सुनावणी यांविना निवारा पाडता येत नाही, हा युक्तिवाद करण्यास तेव्हापासून भक्कम आधार मिळाला.

न्यायनिर्णय व विधिमंडळ : न्यायनिर्णय नेहमीच अधिकार वाढवितो असे नाही, कधी त्याच्याविरुद्धचा लोकक्षोभ विधी बदलण्यास कारण होतो. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द करून दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नसल्याने प्रतिकार झाला नाही, म्हणजे संमती होती, असे अनुमान काढण्यात आले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या अनुमानावर कठोर आक्षेप घेतले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. देशभर स्त्री-संघटनांनी चळवळ केली आणि १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात ११४-अ हे कलम आले : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यास व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास, न्यायालयाने संमतीचा अभाव गृहीत धरावा.

याउलट विशाखा निर्णयात, विधी अस्तित्वात नसताना, न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेने त्याविषयीचा अधिनियम करण्यास २०१३ साल उजाडले. मधली सोळा वर्षे न्यायनिर्णय हाच विधी होता. शिक्षणाच्या बाबतीत १९९३ च्या उन्नीकृष्णन निर्णयाने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाचा शिक्षणाचा अधिकार एकविसाव्या अनुच्छेदातून निष्पन्न होतो असे म्हटले व २००२ च्या शहाऐंशीव्या संविधानदुरुस्तीने अनुच्छेद २१-अ अंतर्भूत झाला. तदनुसार केलेला शिक्षणहक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

जीवित व मृत्यू : जगण्याच्या अधिकारात न जगण्याचा अधिकार येतो काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये प्रथम ठळकपणे हाताळला. मारुती श्रीपती दुबळ खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम असंविधानिक ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रतिनाम निर्णयात हेच मत स्वीकारले. पण दोनच वर्षांनी ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते रद्द करून कलम वैध ठरविले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून अचेतनप्राय अवस्थेत असलेल्या परिचारिकेच्या संबंधातील अरुणा शानबाग निर्णयात, २०११ मध्ये, याचिका फेटाळली गेली. तिची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची इच्छा न्यायालयाने निर्णायक मानली. तथापि उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे मान्य केला. २०१८ मध्ये कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायाधीशांनी सन्मानाने मृत्यू पत्करण्याचा अधिकार व त्यासाठी आगाऊ लेखी निदेश देण्याची मुभा मान्य केली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमासारखी सर्वसाधारण तरतूद नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय आहे.

खाजगीपणाचा अधिकार : आधार योजनेच्या संदर्भात उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी केलेल्या याचिकेतून खाजगीपणाचा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविण्यात आला व खरकसिंग निर्णयातील विरुद्ध मत रद्द झाले. या अधिकारावरील निर्बंधास विधीचा आधार, न्याय्य प्रयोजन आणि प्रयोजनाशी प्रमाणबद्धता या कसोट्या लावाव्यात, असे ठरले. याच निर्णयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूर निर्णय गंभीररीत्या सदोष असल्याचे सांगून तो रद्द ठरविला. त्या निर्णयातील बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड यांचाही समावेश होता. खन्ना यांचे मत अशा रीतीने एकेचाळीस वर्षांनी मान्य झाले. या पायावर पुढील वर्षी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध दंडनीय न मानणारा नवतेजसिंग जोहर निर्णय झाला. आधार अधिनियम मात्र सप्टेंबर २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने, काही तरतुदी वगळून, वैध ठरला.

मर्यादा : न्यायनिर्णयांनी घडविलेल्या या विधीच्या काही मर्यादा स्पष्ट आहेत. पहिली, न्यायालय अधिकार घोषित करू शकते. त्याची रोजची अंमलबजावणी पोलीस, तुरुंग व पालिका यांच्या हाती असते. हुसेनआरा निर्णयाला चार दशके उलटल्यानंतरही, २०२२ अखेर देशातील तुरुंगांत असलेल्या व्यक्तींपैकी सु. तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते. दुसरी, प्रतिबंधक स्थानबद्धतेस बाविसाव्या अनुच्छेदाची मान्यता असल्याने न्यायालयीन छाननी बहुतांशी कार्यपद्धतीपुरती राहते. तिसरी, विशेष अधिनियमांतील जामिनाच्या कठोर अटींबाबत न्यायालयाची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. बेकायदा कारवाया प्रतिबंध अधिनियमाखाली जामीन देताना पुराव्याची सखोल छाननी करू नये, असे २०१९ च्या वटाली निर्णयात सांगितले गेले. तर दीर्घकाळ खटला न चालल्यास त्या अटी संविधानिक न्यायालयांच्या आड येत नाहीत, असे २०२१ च्या नजीब निर्णयाने स्पष्ट केले. चौथी, न्यायासनातील न्यायाधीशांची संख्या व बहुमत यांवर अधिकाराचे भवितव्य अवलंबून राहते. एका मताच्या फरकाने तो मिळतो किंवा हुकतो.

एकविसाव्या अनुच्छेदाच्या या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. फाझल अली, सुब्बा राव व खन्ना यांची मते त्या त्या वेळी पराभूत झाली होती. पण निर्णयपत्रांत ती नोंदली गेल्यामुळे पुढील पिढीतील याचिकाकर्त्यांना, वकिलांना व न्यायाधीशांना त्यांचा आधार घेता आला. त्याचबरोबर मोरो रघुनाथपासून मुंबईच्या पदपथवासीयांपर्यंत प्रत्येक तत्त्वामागे न्यायालयात जाण्याचे धाडस करणारी कोणी ना कोणी व्यक्ती होती व तिला स्वतःला त्याचा लाभ पुष्कळदा झाला नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण संविधानाचे शब्द, त्यांचा अर्थ लावणारे न्यायाधीश, तो अर्थ विधीत उतरविणारे विधिमंडळ आणि दाद मागणारे नागरिक या चौघांवर अवलंबून असते. जबलपूर निर्णयाने दाखविल्याप्रमाणे यांपैकी एक घटक ढळला, तर इतरांना ती उणीव भरून काढण्यास दीर्घ काळ लागतो.